युनोस रोडस्टर १.६ : सिग्नलला थांबलं की आरपीएम झोके घेतो, स्क्रू फिरवून ते बंद होत नाही

लक्षण आधी सांगतो म्हणजे तुमची गाडी हीच केस आहे का ते कळेल. इंजिन पूर्ण गरम, तुम्ही सिग्नलला आलात, क्लच दाबला, आणि काटा ८५० च्या आसपास बसायच्या ऐवजी सतराशे-अठराशेवर जातो, धप्पकन हजाराच्या खाली येतो, परत वर, परत खाली, शेजारच्या गाडीतला माणूस बघायला लागतो की हा बाबा उगाच रेस का मारतोय. किंवा उलटं होतं, काटा खाली यायला लागतो तो येतच राहतो आणि इंजिन गप. चावी मारली की लगेच चालू होते, पुढच्या सिग्नलला परत तेच. गॅरेजमध्ये नेली तर कोणीतरी थ्रॉटल बॉडीवरचा (इंजिनात जाणारी हवा उघडबंद करणारी झडप जिच्यात असते तिच्यावरचा) स्क्रू फिरवून देतं, आठवडा-दोन आठवडे छान चालते आणि मग एखाद्या थंड सकाळी किंवा भर उन्हात सगळं परत सुरू.

इथे यूकेत या गाड्या भरपूर आल्या जपानमधून. १९८९ पासून जपानमध्ये माझ्दाच्या युनोस नावाच्या दुकानांतून विकल्या गेलेल्या, बाकी जगात जिला एमएक्स-५ किंवा मियाटा म्हणतात तीच गाडी. माझी १९९१ ची व्ही-स्पेशल आहे, हिरवी, आत टॅन लेदर आणि नार्डीचं लाकडी स्टिअरिंग, रेडिंगला घराच्या ड्राइव्हवर उभी असते आणि तिचं सगळं काम तिथेच होतं. लेस्टरच्या एका मित्राने गेल्या महिन्यात हीच तक्रार केली, त्याला फोनवर तुकड्या-तुकड्याने सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतोय. खाली जे आहे ते १.६ साठी, म्हणजे बी६ इंजिन, १५९७ सीसी, ज्याला झडपेवाला एअरफ्लो मीटर असतो. १.८ वाल्यांनी विचारांची दिशा घ्यावी, आकडे जसेच्या तसे लावू नयेत.

माझं म्हणणं एका वाक्यात : हा बिघाड हवेचा आहे, सेटिंगचा नाही, आणि जोपर्यंत न मोजलेली हवा आत येतेय तोपर्यंत आयडलचा, म्हणजे पाय उचललेला असताना इंजिन किती आरपीएमवर चालावं ते ठरवणारा, स्क्रू हा तुमचा शत्रू आहे.

आपला हात स्क्रूकडेच का जातो ते समजू शकतो. आपण सगळे बजाजच्या स्कूटर नाहीतर लुना बघत मोठे झालो, तिथे स्लो स्पीडचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला की मेकॅनिक म्हणायचा घ्या झाली, आणि खरंच झालेली असायची. कार्ब्युरेटरमध्ये ते चालतं कारण तिथे कोणी हिशेब ठेवत नसतं. या गाडीत हिशेब ठेवणारा एक कारकून बसलाय, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आणि त्याच्या नोंदीत नसलेली हवा मागच्या दाराने आत आली की त्याचा जमाखर्च जुळत नाही.

होतं काय ते बघा. एअरफ्लो मीटरमध्ये स्प्रिंगवरची एक झडप आहे, हवा जितकी जास्त तितकी ती उघडते आणि ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. मीटरच्या पुढे, म्हणजे मीटर आणि इंजिनाच्या मधे कुठेही फट असली तर तिथून आलेली हवा मोजलीच जात नाही. आयडलला मुळात हवा इतकी कमी लागते की छोटीशी फटसुद्धा मोठा हिस्सा खाते. आता थ्रॉटल बंद आहे, आयडल स्विच ईसीयूला सांगतोय की पाय उचललेला आहे, पण फटीतल्या जास्तीच्या हवेने आरपीएम चढतोय. ईसीयूला वाटतं गाडी उतारावर आहे, इंजिन ब्रेकिंग चाललंय, म्हणजे पेट्रोलची गरज नाही, म्हणून ठरावीक आरपीएमच्या वर तो इंजेक्टर बंदच करतो. आरपीएम कोसळतो. खाली आल्यावर पेट्रोल परत सुरू, आरपीएम परत चढतो, परत बंद. हाच तो झोका. कुठलाही पार्ट खराब नाही, प्रत्येक जण आपापलं काम इमानदारीत करतोय.

आणि स्क्रूने काय होतं? कोणीतरी आयडल जास्त आहे म्हणून एअर स्क्रू आत पिळतो, म्हणजे कायदेशीर हवा कमी करून बेकायदेशीर हवेला जागा करून देतो. त्या दिवशी बेरीज जुळते. पण फट रोज सारखी नसते, रबर गरम झालं की वेगळं, थंडीत आखडलं की वेगळं, इंजिन माउंटवर हललं की तिसरंच. ज्या दिवशी फट कमी उघडते त्या दिवशी एकूण हवाच कमी पडते आणि गाडी बंद पडते. म्हणून एकाच गाडीत कधी झोके आणि कधी बंद पडणं अशी दोन्ही लक्षणं दिसतात आणि लोक दोन वेगळे प्रॉब्लेम समजून दोन वेगळे पार्ट घेतात.

फट शोधण्याआधी थोडी साफसफाई

प्लग आणि प्लगच्या वायरी ठीक आहेत ना ते आधी बघा. हे इंजिन वायरी खातंच, आणि एका सिलिंडरला मिसिंग असेल तर आयडलचा कुठलाही निष्कर्ष काढता येत नाही. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करा, वायरीवर पाण्याचा बारीक फवारा मारा, ठिणग्या दिसल्या तर वायरी बदला आणि मग पुढे बोलू. प्लगचा गॅप १ ते १.१ मिमी.

मग ईसीयूने नोंदवलेले बिघाडाचे कोड. जपानी मार्केटच्या गाडीत बऱ्याचदा डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा नसतो, पण इंजिन बेमध्ये काळा डबा आहे ज्यावर डायग्नोसिस लिहिलंय, झाकण उघडलं की आत टर्मिनलची नावं. टीईएन आणि जीएनडी एका छोट्या वायरने जोडा, एफईएन आणि +बी मधे रेझिस्टरसकट एलईडी किंवा काट्याचा व्होल्टमीटर लावा, इग्निशन ऑन करा आणि लुकलुक मोजा. ८ म्हणजे एअरफ्लो मीटर, ९ म्हणजे पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, १२ थ्रॉटल सेन्सर, १५ ऑक्सिजन सेन्सर, ३४ आयडल स्पीड कंट्रोल व्हॉल्व्ह. कोड आलाच नाही तर खूश होऊ नका, ईसीयू फक्त तुटलेली वायर पकडतो, चुकीची पण पटण्यासारखी किंमत त्याला खरीच वाटते. म्हणून पाण्याचा सेन्सर मल्टीमीटरने स्वतः मोजा. ईसीयूसाठीचा सेन्सर हेडच्या मागच्या बाजूला, फायरवॉलकडे आहे, हात घालताना शिव्या येतात. २० अंशाला २.२ ते २.७ किलोओहम आणि ८० अंशाला ३०० ओहमच्या आसपास पाहिजे. गरम इंजिनाला हा हजार दाखवत असेल तर ईसीयूला वाटतंय इंजिन अजून थंडच आहे आणि तो पेट्रोल ओततोय, मग बाकी काय बघणार तुम्ही.

एक इम्पोर्ट गाड्यांचा खास त्रास. इथे आणल्यावर त्यांना मागचा फॉग लॅम्प बसवावा लागतो, स्पीडोमीटर मैलांचा करावा लागतो, वर कोणीतरी हौसेने अलार्म-इमोबिलायझर टाकलेला असतो, आणि हे सगळं तीस वर्षांत तीन-चार मालकांनी टेप गुंडाळून केलेलं असतं. गाडी झोके न घेता एकदम लाइट बंद केल्यासारखी मरत असेल, म्हणजे काटा हळूहळू न येता क्षणात शून्य, तर आधी त्या अलार्मची जोडणी बघा. ती केस हवेची नाही.

आता फट

पहिला संशयित नेहमी तोच, एअरफ्लो मीटरपासून थ्रॉटलपर्यंत इंजिनाच्या पुढून आडवा जाणारा पाइप आणि त्याचे रबरी पन्हाळीदार भाग. वरून बघितलं तर नवाकोरा दिसतो. भेग असते खालच्या बाजूला, पन्हाळीच्या दोन घड्यांच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे ना उजेड जातो ना नजर. आणि गंमत अशी की गाडी उभी असताना ती भेग मिटलेली असते. क्लच सोडला, इंजिनाने माउंटवर अंग टाकलं की पाइप ताणला जातो आणि भेग तोंड उघडते. म्हणून नुसतं बॉनेट उघडून ऐकत बसलात तर काही ऐकू येणार नाही. पाइप काढा, पूर्ण बाहेर, आणि हातात घेऊन ओला टॉवेल पिळतात तसा पिळा, मागे-पुढे वाकवा, प्रत्येक घडी टॉर्चवर धरून बघा. माझ्या गाडीत नखाएवढी भेग होती, काळ्या रबरात काळी रेष, आणि आतून टॉर्च घातल्यावर त्यातून उजेडाचा केसासारखा धागा दिसला. आधीच्या मालकाने बाहेरून त्यावर इन्सुलेशन टेप लावलेली होती, तेलाने ती कधीच सुटून गुंडाळी झाली होती. टेप लावू नका. सिलिकॉन सीलंटही नको, त्याचे तुकडे सुटून थ्रॉटलच्या झडपेत जातात. पाइप बदला.

हीच भेग मोठी झाली तर १.६ मध्ये अजून एक नाटक होतं. या इंजिनात पेट्रोल पंप चालू ठेवणारा स्विच एअरफ्लो मीटरच्या आतच आहे, झडप थोडी उघडी असेल तरच पंप चालतो. सगळी हवा भेगेतूनच आली की झडप मिटते, पंप बंद, गाडी बंद. लोक पंप बदलतात, रिले बदलतात, आणि खरा गुन्हेगार पंधरा-वीस पौंडांचं रबर असतं. पंप ठीक आहे का हे बघायला त्याच डायग्नोसिस डब्यात एफ/पी आणि जीएनडी जोडून इग्निशन ऑन करा, मागून गुणगुण ऐकू आली की पंप जिवंत आहे.

दुसरी जागा लोकांच्या डोक्यात येतच नाही, ती म्हणजे तेल भरायचं झाकण आणि डिपस्टिक. क्रँककेस हा इनटेकला जोडलेला असतो, पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह), त्यामुळे झाकणाचा रबर वायसर कडक झाला किंवा डिपस्टिक नीट बसली नाही तरी ती न मोजलेली हवाच. याची टेस्ट फार सोपी आहे. इंजिन आयडलवर असताना तेलाचं झाकण उघडा. धडधाकट गाडीत आयडल लगेच अडखळतो. काहीच फरक पडला नाही तर गाडी आधीपासूनच दुसरीकडून एअर घेतेय, किंवा पीसीव्ही चोंदलाय. व्हॉल्व्ह कव्हरमधलं पीसीव्हीचं रबरी बूच दाबून बघा, बिस्किटासारखं कडक लागलं तर नवीन टाका.

मग ब्रेक बूस्टरचा जाड होज. आयडलवर ब्रेकचं पेडल दाबून धरा, आरपीएम बदलून तसाच राहत असेल तर बूस्टर किंवा त्याचा होज. होज कापड गुंडाळून पकडीने चिमटा आणि झोका थांबतो का बघा. तसंच पेट्रोलची वाफ धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या डब्याकडे जाणारा पर्जचा होज चिमटा. चिमटायची ही पद्धत मला सगळ्यात आवडते, काही सुटं करावं लागत नाही, उत्तर तिथल्या तिथे मिळतं, फक्त रबर जुनं असेल तर पकड जरा मायेने दाबा.

एवढ्यात सापडलं नाही तर इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग आणि इंजेक्टरचे ओरिंग. इथे लोक चालू इंजिनावर कार्ब क्लीनर मारतात, आयडल बदलला की फट तिथे. चालतं, पण एक्झॉस्ट गरम असतो आणि तो फवारा पेटतो, त्यामुळे मी ते करत नाही. मी इंजिन बंद ठेवून मीटरच्या बाजूचं तोंड प्लास्टिकच्या डब्याच्या बुडाने बंद करतो, एका व्हॅक्यूम होजमधून सायकलच्या पंपाने हळूच हवा भरतो, आणि सगळीकडे भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने लावतो. बुडबुडे खोटं बोलत नाहीत. दाब दोन-तीन पीएसआयच्या वर नेऊ नका, क्रँकचे ऑइल सील निघायचे. आणि कोणी हुशार सुचवेल की उदबत्ती फिरवा, धूर जिकडे ओढला जातो तिकडे फट. धूर ओढला जातो हे खरं, पण तुम्ही पेट्रोलच्या रेलशेजारी निखारा घेऊन उभे आहात. उदबत्ती देवापुढेच बरी.

पाणी, मेण आणि थ्रॉटलच्या पोटातला व्हॉल्व्ह

फटी सगळ्या बंद केल्या तरी झोके राहिले तर खाली बघा. थ्रॉटल बॉडीच्या पोटाला एक डबी चिकटवलेली आहे, तिच्यात दोन गोष्टी. एक, ईसीयूच्या हुकमाने चालणारा सोलेनॉइड. दोन, मेणाचा व्हॉल्व्ह, जो थंड इंजिनाला जास्त हवा देतो आणि कूलंट गरम झालं की मेण फुगून स्वतःच बंद होतो. म्हणजे या डबीतून गरम पाणी फिरलं नाही तर मेण फुगणार नाही, व्हॉल्व्ह उघडाच राहणार, आणि इंजिन गरम असूनही चोक ओढल्यासारखं चालणार. त्यामुळे आयडलच्या तक्रारीत मी पहिल्यांदा रेडिएटरमधलं पाणी बघतो, लोक हसतात, पण पाणी थोडं कमी असेल किंवा एअरलॉक असेल तर आधी उपाशी राहते ती हीच डबी. वीसेक मिनिटं चालवल्यावर थ्रॉटलच्या खालचे दोन बारीक होज हाताने चाचपा, दोन्ही चटका बसेल इतके गरम पाहिजेत. एक गरम एक गार म्हणजे आत गाळ. दोन्ही गार म्हणजे पाणीच पोचत नाहीये. काही ट्यूनिंगवाले इनटेक थंड राहावा म्हणून हे दोन होज काढून एकमेकांना जोडून टाकतात, यूट्यूबवर बघून. हॉर्सपॉवर काही मिळत नाही, आयडलचं कायमचं दुखणं मात्र मिळतं. तसं केलेलं असेल तर पहिलं ते पूर्ववत करा.

सोलेनॉइडची टेस्ट : गरम इंजिन, आयडलवर, त्याचा कनेक्टर काढा. आरपीएम बदलला पाहिजे. काहीच झालं नाही तर तो अडकलाय किंवा मेलाय. मल्टीमीटरवर साधारण १२ ओहम आले तर कॉइल ठीक, म्हणजे कार्बनने अडकलाय, साफ करून जमेल. त्यासाठी थ्रॉटल बॉडी काढावी लागते. डबीचे चार स्क्रू फुलीचे दिसतात पण ते आपले नेहमीचे फिलिप्स नाहीत, जपानी जेआयएस आहेत, खाच वेगळी असते, आणि साधा स्क्रू ड्रायव्हर लावून जोर केला की डोकी गोल होतात आणि मग ड्रिल मशीन शोधत फिरा. जेआयएसचा ड्रायव्हर वेगळा मिळतो, जपानी गाडी घरी उघडणाऱ्याने पहिल्या पगारात घ्यायची वस्तू आहे ती. रात्री स्क्रूवर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, सकाळी ड्रायव्हरवर हातोडीचा एक ठोका देऊन मग फिरवा. आतला चिकट काळा थर थ्रॉटल क्लीनरने धुवा पण सोलेनॉइड त्यात बुडवून ठेवू नका. पॅकिंग नवीनच टाका, जुनं परत लावलं तर तुम्ही एक फट बंद करून दुसरी बनवली.

थ्रॉटलचा स्टॉप आणि आयडल स्विच

इथे मला जास्तीत जास्त गाड्या बिघडवलेल्या दिसतात, आणि बिघडवलेल्या म्हणजे माणसाने. थ्रॉटलच्या लिव्हरला टेकणारा एक छोटा स्क्रू आहे, लॉकनटवाला. तो आयडल सेट करण्यासाठी नाहीच. तो फक्त झडप भिंतीला घासून अडकू नये एवढ्यासाठी कारखान्यात लावून दिलेला असतो. पण एअर स्क्रू रबरी टोपीखाली लपलेला असतो आणि हा समोर दिसतो, त्यामुळे ज्याला आयडल वाढवायचाय तो याच्यावर पाना लावतो. नटवर पान्याचे ओरखडे दिसले की समजायचं. असं झालेलं असेल तर स्क्रू पूर्ण मागे घ्या, झडप नुसती मिटू द्या, मग स्क्रू लिव्हरला टेकेपर्यंत आणा आणि त्याच्यापुढे अगदी किंचित, झडप हाताने उघडून सोडली तर न अडकता परत यावी इतकंच. लॉकनट आवळा आणि याला विसरून जा.

हा स्क्रू हलला की आयडल स्विचही चुकतो. मॅन्युअल गिअरच्या १.६ मध्ये थ्रॉटल सेन्सर म्हणजे साधा स्विच आहे, आयडल आणि फुल थ्रॉटल एवढंच त्याला कळतं. स्टॉप स्क्रू आणि लिव्हरच्या मधे ०.४ मिमीची फीलर गेज घाला, आयडीएल आणि ई या पिनांमधे मल्टीमीटर वाजला पाहिजे. ०.७ मिमीची घाला, वाजणं बंद व्हायला पाहिजे. तसं होत नसेल तर सेन्सरचे दोन स्क्रू सैल करून तो किंचित फिरवा. आयडल स्विच लागतच नसेल तर ईसीयूला कळतच नाही की पाय उचललाय, तो आयडल सांभाळायचा प्रयत्नच करत नाही, आणि सिग्नलला बंद पडणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं कारण हेच निघतं.

एअरफ्लो मीटरबद्दल थोडंसंच. त्याचं काळं झाकण सीलंटने चिकटवलेलं असतं, आत एक दातेरी चक्र आणि स्प्रिंग. ट्यूनिंगच्या नावाखाली लोक ते झाकण उचकटून चक्र दोन दात फिरवतात. सीलंट मूळचं न वाटता नंतर लावल्यासारखं दिसलं तर सावध. इग्निशन बंद, बोटाने झडप हळूहळू उघडत मल्टीमीटरवर रेझिस्टन्स बघा, मधेच उडी मारायला नको. आणि मीटरच्या तोंडावर थेट बसवलेला शंकूसारखा फिल्टर असेल तर काढून मूळचा डबा लावा, तो फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो आणि आवाजाशिवाय काही देत नाही. एमओटीत, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीत, पास झाली म्हणजे मिश्रण बरोबर असंही समजू नका, ऑगस्ट १९९२ च्या आधीच्या गाडीला तिथे कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आहे, म्हणजे बरीच बिघडलेली गाडीसुद्धा आरामात निघून जाते.

आता स्क्रू

हे सगळं झाल्यावर, आणि फक्त तेव्हाच, थ्रॉटल बॉडीच्या वरची टोपी काढा, खाली एअर स्क्रू. इंजिन पूर्ण गरम, रेडिएटरचा पंखा एकदा चालू होऊन बंद झालेला, लाइट, ब्लोअर, मागची काच गरम करायचं बटण सगळं बंद. पॉप-अप लाइट वर उभे असतील तर खाली घ्या, हेडलाइट चालू असताना सेट केलेला आयडल दिवसा चुकीचा असतो. टीईएन आणि जीएनडी जोडा. ही वायर जोडली की ईसीयू टायमिंगही (प्लगची ठिणगी पडायची वेळ) जागेवर धरून ठेवतो आणि आयडल व्हॉल्व्हही, नाहीतर तुम्ही स्क्रू फिरवाल आणि तो मागून आपलं दुरुस्त करत बसेल. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की आयडल कमी. ८५० वर आणा, पन्नास इकडेतिकडे चालतं. ईसीयूची जुनी शिकवण पुसायला काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ब्रेक पेडल थोडा वेळ दाबून ठेवलेलं बरं. बॅटरी डिकीत आहे, आणि तिची गॅस बाहेर सोडणारी बारीक नळी परत लावायला विसरू नका, कोणीही विसरतं, आणि मग डिकीचा पत्रा आतून गंजतो.

ती वायर लागलेली आहेच तर टायमिंगही बघून घ्या. मूळ सेटिंग १० अंश. हेडच्या मागचा कॅम अँगल सेन्सर, १२ चा बोल्ट सैल करून फिरवायचा. हौशी लोक १४ अंशावर नेतात, मीही ठेवलंय, मधल्या आरपीएमला गाडी खरंच मोकळी होते, या इंजिनात फुकटात मिळणारा एवढाच एक फायदा आहे. मात्र मग पेट्रोल चांगलं भरा. मी सुपर अनलेडेड ई५ च (इथेनॉल कमी असलेलं पेट्रोल) भरतो, जुन्या रबरी होजसाठीही तेच बरं. सेन्सर फिरवताना त्याच्या बुडाशी तेल दिसलं तर ओरिंग गेलाय, बदलून टाका, ते तेल खाली हीटरच्या होजवर पडतं आणि होज फुगून मऊ होतो.

टायमिंग लाइट लावल्यावर पुलीवरची खूण स्थिर दिसली पाहिजे. खूण नाचत असेल, दोन-तीन अंश मागेपुढे, तर स्क्रू, सेन्सर सगळं सोडा आणि इंजिन बंद करून पुढे क्रँकची पुली बघा. सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकचं नाक आखूड होतं, पुली जागेवर धरणाऱ्या लोखंडी चावीची खाच झिजते, पुली डगमगते, टायमिंग आपोआप सरकतं आणि अशी गाडी कितीही ट्यून केली तरी महिन्याभरात पुन्हा आजारी. १९९१ मध्ये माझ्दाने ते नाक लांब केलं. ओळखायला पुलीच्या मधल्या भागात बघा, चार खाचा असतील तर आखूड नाक, आठ असतील तर लांब. चार खाचा असलेली गाडी वाईटच असं नाही, कित्येक आजही धावतायत, पण टायमिंग बेल्टचं काम करताना तो क्रँकचा बोल्ट कोणी कसा आवळला होता यावर सगळं असतं. माझ्या मित्राच्या गाडीला चार खाचा आहेत आणि बेल्ट कोणी कधी बदलला याचा कागद नाही. त्याला सांगितलंय, झोके नंतर, आधी इंजिन चालू करून समोरून पुली हलते का याचा व्हिडिओ काढून पाठव.